आयसीयूतला संसर्ग: हात धुवायचे कुणी, आणि कोणत्या वेळात?

८.८३. देशातल्या अतिदक्षता विभागांची अवस्था सांगणारा हा आकडा २०२५ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आला. दिल्लीच्या एम्ससह देशभरातल्या ५४ रुग्णालयांमधल्या २०० आयसीयूंनी सात वर्षं नोंदी ठेवल्या. रुग्णाच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, म्हणजे 'सेंट्रल लाइन'मधून, रक्तात संसर्ग झाल्याच्या ८,६२९ घटना त्यांत सापडल्या. दर १,००० 'लाइन-दिवसां'मागे ८.८३ असा हा दर पडतो.

बातम्या आल्या, 'आयसीयूच ठरतंय धोक्याचं' अशा धाटणीच्या चर्चा झाल्या आणि विषय मागे पडला. पण त्या अभ्यासातली एक गोष्ट थांबून बघण्यासारखी होती. कोविडच्या काळात, २०२०-२१ मध्ये, हा दर वर गेला होता. त्या काळात आयसीयूतले कर्मचारी नखशिखांत पीपीई किटमध्ये होते, हातांवर हातमोजे होते, सॅनिटायझरची बाटली हाताशी होती. स्वच्छतेबद्दल इतकी जागरूकता त्याआधी कधी नव्हती. मग संसर्ग वाढला कसा? संशोधकांनी दिलेली कारणं अशी: आयसीयूंवरचा ताण, अपुरे कर्मचारी आणि त्यामुळे ढिली पडलेली संसर्ग प्रतिबंधाची शिस्त.

रुग्णालयातल्या संसर्गाबद्दल बोलताना आपल्याकडे पहिलं बोट नर्सकडे जातं. 'सिस्टरने हात धुतले नसतील.' कधी ते खरंही असतं. पण का धुतले नाहीत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

लाइन-दिवस म्हणजे काय?

एका रुग्णाला एक दिवस सेंट्रल लाइन असेल तर तो एक लाइन-दिवस. समजा, दहा खाटांच्या आयसीयूत रोज पाच जणांना अशी लाइन आहे. तिथे २०० दिवसांत १,००० लाइन-दिवस भरतील. ८.८३ हा दर लावला तर त्या आयसीयूत साधारण दर तीन आठवड्यांनी एका रुग्णाच्या रक्तात, तो ज्या आजारासाठी आला त्याच्याशी संबंध नसलेले जंतू शिरतील. ते बऱ्याचदा अ‍ॅसिनेटोबॅक्टर किंवा क्लेबसिएला असतात. या जंतूंवर शेवटचा पर्याय म्हणून राखलेली प्रतिजैविकंही आपल्या रुग्णालयांत अनेकदा चालेनाशी झाली आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. या नेटवर्कमध्ये असलेली रुग्णालयं निदान मोजतात. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, रक्ताचं कल्चर होतं, नोंद ठेवायला माणूस आहे. जिथे हे काहीच नाही तिथे कागदावर संसर्ग शून्य असतो.

सेंट्रल लाइन ही हाताला लावतात त्या साध्या सलाइनच्या सुईपेक्षा वेगळी असते. मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून ती मोठ्या शिरेत घालतात. मान किंवा गळपट्टीकडून घातली तर तिचं टोक हृदयाच्या अगदी जवळ पोचतं. रक्तदाब टिकवणारी औषधं, तीव्र प्रतिजैविकं, तोंडाने खाता येत नसेल तर पोषण, हे सगळं तिच्यातून जातं. ती घालण्याचं काम डॉक्टर एकदा करतात. त्यानंतरचे आठ-दहा दिवस तिला हात लावते ती नर्स. औषध द्यायचं, रक्ताचा नमुना काढायचा, सलाइनची बाटली बदलायची, ड्रेसिंग बदलायचं. प्रत्येक वेळी नळीचं तोंड उघडतं आणि प्रत्येक वेळी थेट रक्ताकडे जाणारा रस्ता मोकळा होतो.

'स्वच्छ' आणि 'निर्जंतुक' यांतलं अंतर

बोलताना आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मात्र या दोन्हींतला फरक घोकून घेतात. धुतलेला हात स्वच्छ असतो, निर्जंतुक नसतो. त्वचेवरचे सगळे जंतू साबणाने मरत नाहीत. म्हणून शिरेत, मूत्राशयात किंवा उघड्या जखमेत काही घालायचं असेल तर हात धुऊन वर निर्जंतुक हातमोजे घालावे लागतात. साधन निर्जंतुक करायचं तर ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ ते २० मिनिटं ठेवावं लागतं. गाठोड्यावर चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की गाठोडं त्या तापमानातून गेलं, एवढं कळतं. आतले सगळे जंतू मेले की नाही याची खात्री त्या रेघा देत नाहीत. त्यासाठी अत्यंत चिवट जंतूंचे बीजाणू असलेली चाचणी अधूनमधून लावावी लागते.

यानंतरचे नियम बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतील. उघडलेल्या निर्जंतुक कापडाची कडेची सुमारे अडीच सेंटीमीटर पट्टी निर्जंतुक धरायची नाही. कंबरेच्या खाली गेलेला हात निर्जंतुक धरायचा नाही. मांडलेल्या ट्रेकडे पाठ करायची नाही. गाठोडं ओलं झालं असेल तर ते आतून कितीही नवं दिसलं तरी परत पाठवायचं, कारण ओलाव्याबरोबर जंतू कापडातून आरपार जातात. शंका आली तर वस्तू बाद.

ज्यांनी घरात आजीचं सोवळं पाहिलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. शिवलं की संपलं. फरक असा की इथला नियम जंतूंच्या वागण्यावरून ठरला आहे आणि तो वस्तूंना व कृतींना लागू होतो, माणसाच्या जन्माला नाही. बाकी सोवळ्यासारखंच, ते पाळायला वेळ लागतो आणि घाईत ते पहिल्यांदा मोडतं.

प्रत्यक्ष वॉर्डात ते कसं मोडतं? स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी बहुतेकांनी पाहिली असेल. सकाळी कापूस भरायचा, वर स्पिरिट ओतायचं आणि दिवसभर त्यातला बोळा काढून इंजेक्शन द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या सुरक्षित इंजेक्शनविषयीच्या मार्गदर्शिकेत ही पद्धत करू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. बरणीत हात जात राहतो, स्पिरिट उडून जातं आणि हातावरचे जंतू कापसात साठत जातात. औषधाच्या बाटलीच्या रबरी बुचात खुपसून ठेवलेली सुई हाही असाच प्रकार. पुढच्या वेळी नवी सुई उघडायचा वेळ वाचतो, पण बाटली आणि वॉर्डातली हवा यांच्यामध्ये एक उघडं भोक राहतं.

यातलं काहीही दुष्टपणाने होत नाही. बरणी आली ती एकेक पाकीटबंद स्वॅब पुरेसे मिळत नाहीत म्हणून. खुपसलेली सुई राहते ती पुढच्या खाटेवरचा रुग्ण हाक मारतो म्हणून.

गणित तासाचं

हात कधी स्वच्छ करायचे यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये पाच क्षण सांगितले. रुग्णाला हात लावण्याआधी. निर्जंतुक पद्धतीने करायच्या कामाआधी. रक्त, लघवी वगैरेंशी संपर्क आल्यावर. रुग्णाला हात लावल्यानंतर. आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना, म्हणजे खाटेचा कठडा, मॉनिटर, सलाइनचा स्टँड यांना हात लावल्यानंतर. हा पाचवा क्षण सगळ्यांत जास्त निसटतो, कारण रुग्णाला तर हात लावलाच नाही असं वाटतं.

आता वेळ मोजू. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँड रब चोळायला २० ते ३० सेकंद. आयसीयूत एका नर्सवर तासाला असे २० क्षण येतात असं धरू. साबणाने धुतले तर प्रत्येक वेळी ४५ सेकंद धरून १५ मिनिटं झाली. बेसिनपर्यंत जाणं-येणं वेगळं. हँड रबने तेच काम सात ते दहा मिनिटांत होतं. म्हणजे सगळी सोय असली तरी तासातली सात-दहा मिनिटं नुसती हातांवर जातात. एका नर्सकडे एक रुग्ण असेल तर ती निघतात. तीन असतील तर कसरत सुरू होते. सहा असतील तर हे पाच क्षण भिंतीवरच्या पोस्टरवर राहतात.

हा केवळ अंदाज नाही. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांच्या चमूने १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांचं निरीक्षण केलं. हात धुण्याचे नियम पाळण्याचं प्रमाण सरासरी ४८ टक्के निघालं, म्हणजे निम्म्याहून कमी, तेही जिनिव्हासारख्या श्रीमंत शहरात. कामाचा जोर जितका जास्त तितकं हे प्रमाण कमी, असंही दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवी. नर्सेसचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास होतं आणि डॉक्टरांचं ३०.

मग तिथे काय केलं? कर्मचाऱ्यांना रागावणं हा उपाय नव्हता. खाटेशेजारी हँड रबच्या बाटल्या ठेवल्या, निरीक्षण करून त्याचे निकाल कर्मचाऱ्यांना दाखवले, वरिष्ठांनी त्यात लक्ष घातलं. १९९४ ते १९९७ या काळात नियम पाळण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात संसर्ग झालेल्या रुग्णांचं प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. बेसिन वॉर्डाच्या टोकाला होतं तेव्हा जे जमलं नाही ते बाटली हाताशी आल्यावर बरंचसं जमलं.

हातमोज्यांबद्दलही इथेच बोलायला हवं. कोविडनंतर मोजे घातले की काम झालं अशी एक समजूत पक्की झाली आहे. तेच मोजे घालून तीन खाटा फिरणारे हात अनेक ठिकाणी दिसतात. त्यात मोज्याच्या आतला हात सुरक्षित राहतो, तीनही रुग्ण राहत नाहीत. गंमत म्हणजे शस्त्रक्रियागृहातले रबरी हातमोजे मुळात आले तेच नर्सच्या हातांसाठी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास कॅरोलिन हॅम्प्टन या नर्सच्या हातांची त्वचा जंतुनाशक रसायनांनी सोलवटली. तिथले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. पुढे दोघांनी लग्न केलं. रुग्णाला होणारा संसर्ग मोज्यांमुळे कमी होतो हे लोकांच्या लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली.

नर्स डॉक्टरला थांबवू शकते का?

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये २००१ मध्ये पीटर प्रोनोव्होस्ट या आयसीयू तज्ज्ञाने सेंट्रल लाइनसाठी पाच कामांची यादी केली. हात धुवा. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करा. डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कापड घाला आणि स्वतः टोपी, मास्क, गाउन, मोजे घाला. शक्यतो जांघेतून लाइन घालू नका. आणि गरज संपली की लाइन काढून टाका. यात नवं काहीच नव्हतं. प्रत्येक डॉक्टरला हे माहीत होतं.

पहिला महिनाभर नर्सेसनी फक्त बघितलं. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी किमान एक पायरी गाळली होती. मग खरा बदल झाला. रुग्णालय प्रशासनाने नर्सेसना अधिकार दिला की डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला तिथेच थांबवायचं. लाइन रोज तपासायची आणि 'ही आज काढता येईल का' असं विचारायचं कामही त्यांच्याकडे आलं. त्या आयसीयूत लाइन घातल्यापासून दहा दिवसांतल्या संसर्गाचं प्रमाण वर्षभरात ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं.

हेच पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये करून बघितलं गेलं. २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आले. दर १,००० लाइन-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षाच्या आत १.४ वर आले. भारताच्या आजच्या ८.८३ ची त्या ७.७ शी थेट तुलना नको. रुग्ण वेगळे, जंतू वेगळे, मोजण्याच्या पद्धतीतही फरक. पण मिशिगनची सुरुवातही आपल्यासारख्याच आकड्यापासून झाली होती, एवढं त्यातून दिसतं.

या प्रयोगाची आठवण 'चेकलिस्टची जादू' म्हणून निघते. आपल्याकडेही मग चेकलिस्ट छापली जाते, फाइलला लावली जाते आणि शिफ्ट संपताना एकदम टिक केली जाते. कागद उचलला, बाकीचं राहून गेलं. मिशिगनमध्ये प्रत्येक आयसीयूला रुग्णालयाचा एक बडा अधिकारी जोडून दिला होता. त्याने यायचं, काय अडतंय ते ऐकायचं. तिथल्या बहुतेक आयसीयूंमध्ये क्लोरहेक्सिडिनच ठेवलेलं नव्हतं. ते आणून ठेवलं. लाइन घालायला लागणारं सामान वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावं लागे, ते एका ट्रॉलीवर आणलं. आणि 'डॉक्टर, थांबा' म्हणणाऱ्या नर्सच्या मागे प्रशासन उभं राहील हे आधीच सांगून ठेवलं.

हा शेवटचा मुद्दा महाराष्ट्रात आणून बघा. शासकीय रुग्णालयात रात्रपाळीला एक अधिपरिचारिका आहे. तिचं वय २४. ती अकरा महिन्यांच्या करारावर आहे, करार पुढे वाढेल की नाही ते वरिष्ठांच्या शेऱ्यावर आहे. समोर निवासी डॉक्टर सलग चोवीस तास ड्युटी करून आलेला आहे आणि घाईत लाइन घालतो आहे. त्याने गाउन घातलेला नाही. ती त्याला 'सर, आधी गाउन' म्हणेल का? म्हणाली तर सकाळी परिसेविका तिच्या बाजूने उभी राहील का?

राज्यातल्या परिचारिकांनी मे २०२२ मध्ये बेमुदत संप केला तेव्हा बाह्य यंत्रणेमार्फत होणारी कंत्राटी भरती हा कळीचा मुद्दा होता. जुलै २०२५ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या, तेव्हा वेतनातल्या त्रुटींबरोबर रिक्त पदं आणि कंत्राटी नेमणुका होत्याच. दोन्ही वेळा बातमी 'रुग्णसेवा कोलमडली' अशीच झाली. नोकरीची शाश्वती आणि रुग्णाच्या रक्तातला संसर्ग यांचा काही संबंध असू शकतो, हे त्या बातम्यांत आलं नाही.

कागदावरचे तीन, वॉर्डातले चौदा

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स हवी. ऐकायला छान वाटतं. पण दिवसाच्या तीन पाळ्या असतात. त्यामुळे प्रत्यक्षात एका पाळीला नऊ खाटांमागे एक नर्स उभी असते, आणि परिषदेच्या तक्त्यातही ते तसंच दिलेलं आहे. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी ३० टक्के जादा माणसं असतील तरच हे जमतं.

आता रिक्त पदं बघू. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यात नर्सेसच्या मंजूर पदांपैकी सुमारे ३५ टक्के रिक्त असल्याचं म्हटलं होतं. मंजूर पदं निकषांप्रमाणेच आहेत असं उदारपणे धरलं, तरी नऊ खाटांचं काम चौदा खाटांवर जातं. त्यात जमिनीवर गादी टाकून ठेवलेले रुग्ण मोजलेले नाहीत. एका खाटेवर दोघं असतील तर तेही नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये संसर्ग प्रतिबंधाचे आठ मुख्य घटक सांगितले. त्यातला सातवा घटक पूर्णपणे याच गोष्टीबद्दल आहे: कामाचा भार, कर्मचाऱ्यांची संख्या आणि खाटांची गर्दी. एका खाटेवर एकच रुग्ण, दोन खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर, आणि कर्मचारी कामाच्या प्रमाणात. २५० खाटांमागे निदान एक पूर्णवेळ संसर्ग नियंत्रण कर्मचारी, हेही त्याच शिफारशींत आहे. आपल्याकडे 'इन्फेक्शन कंट्रोल नर्स' नेमली जाते, पण बऱ्याच ठिकाणी तिला वॉर्डाची ड्युटीही करावी लागते.

नर्सवर एक रुग्ण वाढला तर काय होतं याचा हिशेब अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला आहे. तिथल्या १६१ रुग्णालयांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नर्समागे एक रुग्ण वाढला की दर हजार रुग्णांमागे मूत्रमार्गाच्या संसर्गाची साधारण एक केस वाढते असं दिसलं. तिथे एका नर्सकडे सरासरी ५.७ रुग्ण होते. कामाने पिचून गेलेल्या नर्सेसचं प्रमाण जिथे जास्त, तिथे संसर्गही जास्त होते.

मूत्रमार्गाचा संसर्ग म्हटलं की लघवीची नळी आली आणि तिथे नातेवाइकांचा संबंध येतो. सरकारी रुग्णालयात नर्सिंगचं निम्मं काम नातेवाईक करतात, हे कुणी कागदावर लिहीत नाही. एक्स-रेला न्यायचं, कूस बदलायची, युरोबॅग रिकामी करायची. वॉर्डातले मामा आणि मावशी चौघांत एक असतात, मग मुलगा किंवा सून ते करते. स्ट्रेचरवर हलवताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते, कारण लोंबती पिशवी अडकते. पिशवी मूत्राशयापेक्षा वर गेली की साचलेली लघवी जंतूंसकट उलटी आत जाऊ शकते. पिशवी कायम खाली, पण जमिनीला न टेकता, हा साधा नियम आहे. नातेवाइकांना तो सांगायला दोन मिनिटं लागतात. चौदा खाटा असलेल्या सिस्टरकडे ती दोन मिनिटं नसतात.

संडास साफ करून काय होतं?

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती. कारणांबद्दल बरंच बोललं गेलं: दूरवरून शेवटच्या क्षणी आलेले रुग्ण, औषधं, रिक्त पदं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्या आठवड्यातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं दृश्य वेगळंच आहे. हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला.

तो संडास घाण होता हे खरंच. पण रुग्णालयाची स्वच्छता म्हणजे फरशी, भिंत आणि संडास, ही आपली समजूत त्या व्हिडिओत पुरेपूर दिसते. मंत्र्यांच्या भेटीआधी फिनाइलचा वास येतो, चादरी बदलतात. सेंट्रल लाइनच्या तोंडाशी काय चाललंय ते कॅमेऱ्यात येत नाही. तिथे औषध देण्याआधी नळीचं तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने काही सेकंद घासून कोरडं होऊ द्यायचं असतं. पारदर्शक ड्रेसिंग निदान दर सात दिवसांनी, गॉझचं दर दोन दिवसांनी बदलायचं असतं. सुटलं किंवा ओलं झालं तर लगेच. हे झालं की नाही, ते फक्त करणाऱ्या नर्सला माहीत असतं. दहा सेकंदांचं घासणं गाळलं तर त्या क्षणी काहीच होत नाही. ताप चौथ्या दिवशी येतो, तोपर्यंत बारा पाळ्या बदललेल्या असतात.

नियमांची मात्र कमतरता नाही. केंद्र सरकारची संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२० मध्ये, कोविडच्या तोंडावर आली. २०१५ पासूनच्या 'कायाकल्प' योजनेत सरकारी रुग्णालयांना संसर्ग नियंत्रणासाठी गुण आणि बक्षीसं मिळतात. गुण मिळवायला फलक, रजिस्टर आणि रंगीत कचरापेट्या लागतात, आणि त्या मिळतातही. रजिस्टर भरायचं कामही शेवटी त्याच सिस्टरकडे येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना तिथे किमान एक संसर्ग होतो. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ही संख्या १५ आहे. बाधितांपैकी सरासरी दहातला एक दगावतो. नीट काळजी घेतली तर यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात, असंही हाच अहवाल सांगतो.

रुग्णाच्या घरच्यांच्या हातात यातलं फार थोडं असतं, पण काहीच नसतं असं नाही. लाइन किंवा लघवीची नळी असेल तर रोज डॉक्टरांच्या राउंडला एकच प्रश्न विचारता येतो: 'आज ही काढता येईल का?' तो उद्धटपणा नाही. प्रोनोव्होस्ट यांच्या यादीतलं पाचवं काम तेच आहे. नळीच्या जोडाला स्वतः हात न लावणं, रुग्णाच्या खाटेवर न बसणं, आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळणं हे उरलेलं.

पण कोणत्या रुग्णालयात जायचं हे ठरवताना त्यांना ८.८३ सारखा आकडा मिळत नाही. अमेरिकेत सेंट्रल लाइनच्या संसर्गाचा दर रुग्णालयांना सरकारकडे कळवावा लागतो आणि तो रुग्णालयाच्या नावासकट संकेतस्थळावर दिसतो. भारतात रुग्णालयांनी हा दर लोकांसमोर ठेवावा अशी सक्ती नाही. मानांकन घेतलेली खासगी रुग्णालयं तो मोजतात, पण सहसा स्वतःपुरता. बिल भरताना आयसीयूचं दिवसाचं भाडं, मोज्यांच्या जोड्या, सिरिंजा, सॅनिटायझर हे सगळं वेगवेगळं मोजून दिलं जातं. त्या आयसीयूत गेल्या वर्षी किती लाइन-दिवस झाले आणि त्यांत किती संसर्ग, हा कागद त्यासोबत येत नाही. त्या पाळीला किती नर्सेस होत्या, हेही त्यावर कुठे लिहिलेलं नसतं.